ओळखीच्या माणसाची तपासणी

फरीदूनने माझी पर्स सोळा वेळा तपासली. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येक वेळी मी चिडले होते आणि चिडलेलं मी विसरत नाही. पहिल्या खेपेला त्याने पर्समधून दोन चष्मे, आल्याच्या वड्या, माझ्या दिवंगत नवऱ्याचं लायब्ररीचं कार्ड आणि निरनिराळ्या कॅफेंमधून उचललेल्या साखरेच्या पुड्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. मागे रांगेत ओळखीची दहा माणसं उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाने त्या पुड्या पाहिल्या.

मी मधुमती. लंडनमधल्या ईलिंगमध्ये चौतीस वर्षं एका केमिस्टच्या काउंटरमागे उभी राहून लोकांना 'जेवणानंतर घ्या' सांगत आले, आता रिटायर आहे. फरीदूनबद्दल लिहायचं मनावर घेतलं ते अशासाठी, की आमच्या भागात त्याची गोष्ट निघाली की ती कुकरपाशी येऊन संपते. लोक पोट धरून हसतात आणि विषय बदलतात. खरी गोष्ट कुकरनंतर सुरू होते, आणि ती सांगायला माझ्याशिवाय कुणाला वेळ नाही.

आधी शेजारी सांगायला हवेत. माझ्या भिंतीला भिंत लावून मनाशे आणि हदासा आष्टमकर राहतात. कोकणातल्या आष्टमीचे म्हणून आष्टमकर. धर्माने ज्यू, बेने इस्राएल. भाषेने माझ्याइतकेच मराठी, आणि भांडताना माझ्याहून जास्त. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात दिव्याचं बटण दाबायचं नाही, चूल पेटवायची नाही, फोनला हात लावायचा नाही. इतकं सगळं न करण्यासाठी घराला एक शेजारीण लागते, ती मी. त्यातही थेट सांगून करून घ्यायचं नाही असा नियम आहे. मनाशेभाऊ दारात येऊन नुसतं म्हणतात, "मधुताई, आज अंधार जरा जास्तच वाटतोय नाही?" मी जाते आणि दिवा लावते. बावीस वर्षं झाली, अजून एकदाही त्यांनी मला दिवा लावायला सांगितलेलं नाही.

आता लंडनमध्ये त्यांची माणसं थोडीच उरली आहेत. चाळीसेक जण शुक्रवारी एका जुन्या शाळेमागच्या भाड्याच्या हॉलमध्ये जमतात, प्रार्थना करतात आणि मग जेवतात. जेवणासाठी मीही जाते. जगात कुठे काही पेटलं की आमच्या त्या शांत गल्लीत पोलिसांची गाडी दिसू लागते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती रोज दिसत होती. पोलिसांनी सांगितलं, दारावर माणूस ठेवा, पिशव्या बघा.

दारावर मनाशेभाऊ होतेच. एकोणतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली. आख्ख्या वेस्ट लंडनमध्ये त्यांनी कुणाच्या चेहऱ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. पाद्री असो की गरोदर बाई, तिकीट दाखव. पण हॉलच्या दारात ते उलटे झाले. ओळखीचा असला की पाठीवर थाप आणि आत. अनोळखी असला की, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" चौल, पेण, नवगाव असं कोकणातलं काही कानावर आलं की सोडायचं. एकदा हीटर दुरुस्त करायला आलेल्या गोऱ्या माणसाला त्यांनी दहा मिनिटं मूळ गाव विचारलं. तो बिचारा स्लाउ, स्लाउ म्हणत राहिला आणि हीटर आठवडाभर बंद राहिला.

अशा वेळी हदासाने फरीदूनला घरी आणलं. ती दर मंगळवारी लायब्ररीत परदेशातून आलेल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते, आणि दर मंगळवारी कुणाला तरी जेवायला घेऊन येते. हा चाळिशीचा, उंच, दाढी नीट कापलेला, कोट थोडा आखूड. काबूलचा. तिथे नऊ वर्षं पोलिसांत होता, एका नाक्यावर. येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली आरसा सरकवायचा, डिकी उघडायची, माणसाच्या डोळ्यांत बघायचं, हे त्याचं काम. सरकार पडलं आणि ज्यांना अडवण्यात आयुष्य गेलं तेच राज्यावर बसले, तेव्हा त्याने युनिफॉर्म आणि सगळे कागद तंदूरमध्ये घातले आणि निघाला. आता इथे आसरा मागून दोन वर्षं झाली होती. सरकारने एका हॉटेलात ठेवलं होतं. नोकरी करायची परवानगी नाही, पण फुकट काम करायची आहे.

लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेल्यामुळे तो हिंदी-उर्दू छान बोलायचा. त्याचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. मुळात ते माझ्यापेक्षा अदबीचं होतं.

"नऊ वर्षं बॉम्ब शोधत होता?" मनाशेभाऊंनी विचारलं. "मग आमच्याकडे का नाही येत? शुक्रवारी दोन तास. जेवण आपलं."

"तुमच्या देवळावर मुसलमान पहारेकरी चालेल?" फरीदून म्हणाला.

"आम्ही तुला प्रार्थना करायला कुठे बोलावतोय? तू फक्त दार बघ."

झालं, फरीदून दारावर उभा राहिला आणि चाळीस माणसांचा जीव मेटाकुटीला आला. नवीन माणूस आला तर हा नम्रपणे एक मिनिटात तपासून सोडायचा. जुना मात्र हातात सापडला की कॉलर, टोपी, छत्रीची दांडी, काही सुटायचं नाही. कमिटीचे अध्यक्ष कालेब पेणकर, वय एकाहत्तर, ह्यांची हॅट तो दर शुक्रवारी उलटी करून आतल्या अस्तरावर बोट फिरवायचा. कालेबसाहेबांना टक्कल आहे आणि ते हॅटखाली लपवलेलं आहे, हे सर्वांना माहीत असलं तरी दर आठवड्याला बघायचं कारण नव्हतं. त्यांनी तक्रार केली. मनाशेभाऊंनी फरीदूनला बाजूला घेतलं.

"अरे, ह्यांना सोड. हे आपले आहेत. तू अनोळखी लोकांकडे बघ."

"अनोळखी माणसाकडे सगळेच बघतात," फरीदून म्हणाला, आणि पुढच्या शुक्रवारी हॅट पुन्हा उलटी केली.

मला तो आवडायला लागला ते याच सुमारास, हे कबूल करते. माझ्या स्वभावाला हट्टी माणसं मानवतात. तो माझ्याकडेही येऊ लागला. भाजी चिरून द्यायचा, माझ्या बागेतलं गेट दुरुस्त करायचा आणि पाचच्या ठोक्याला पेशावरला फोन लावायचा. तिथे एका खोलीत त्याची बायको नसरीन आणि नऊ वर्षांची मुलगी होती. दोघींच्या व्हिसाची मुदत संपलेली. पाकिस्तानी पोलीस घरोघर फिरून अफगाण लोकांना ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे पाठवत होते. नसरीनने दाराला आतून लाकडी फळी लावली होती. फोनवर हा काय बोलायचा तर, जेवलात का, ताप उतरला का, फळी घट्ट आहे का. तीन वाक्यं, आणि फोन बंद. मी त्याला म्हटलं, अरे, बायको आहे ती, नाका नाही. तो हसला फक्त.

त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. अपील माझी भाची ईशिता लढवत होती. ती इथे जन्मलेली, मँचेस्टरला कायदा शिकलेली, क्रॉयडनमध्ये ऑफिस. मराठी बोलायची तिला भारी हौस आहे आणि मी ती मोडत नाही. एक दिवस ती फाईल घेऊन माझ्या सोफ्यावर बसली.

"मधूमावशी, ही प्रॉब्लेम मोठी आहे. एका दिवसाची दोन स्टोऱ्या आहेत. त्याच्या चेकपॉइंटवर ब्लास्ट झाला ना, एक व्हॅन आत गेली आणि अकरा लोक मेले. फर्स्ट इंटरव्ह्यूमध्ये तो म्हणतो, मी बॅरियरवर होतो, पण व्हॅन दुसऱ्या लेनमधून गेला. सेकंडमध्ये म्हणतो, मी त्या दिवशी क्लिनिकला होतो. होम ऑफिस, म्हणजे इमिग्रेशनवाले, म्हणतं, हा माणूस पोलीसच नव्हता, सगळं मेड अप. त्याच्याकडे एक पण कागद नाही. आणि जज विचारणार, which one?"

"मग त्याला विचार ना."

"विचारलं. तो म्हणतो, दोन्ही."

म्हणजे गोष्ट अशी होती. तीन आठवड्यांनी सुनावणी. जिंकला तर नसरीन आणि मुलगी इथे यायला रस्ता मोकळा. हरला तर ती फळी आणि ते ट्रक. आणि हा शहाणा एका दिवसाच्या दोन गोष्टी सांगून गप्प बसलेला.

आता कुकर.

डिसेंबरचा पहिला शुक्रवार. इथे त्या दिवसांत चारच्या आत सूर्य मावळतो. शब्बाथमध्ये चूल पेटवता येत नाही, म्हणून हदासा दुपारीच स्वयंपाक करते. त्या दिवशी तिने नारळाच्या रसातली कोंबडी केली होती. तिचा बारा लिटरचा कुकर, मुंबईहून आणलेला. तो गरम राहावा म्हणून ती तो जुन्या गोधडीत गुंडाळते, वरून दोरीने आवळते आणि निळ्या चौकोनी पिशवीत घालून पिशवीचं तोंड सेफ्टी पिनांनी बंद करते. हे वर्णन मी मुद्दाम सविस्तर केलं. नारळाचा रस माहीत नसणाऱ्या माणसाने ती पिशवी बघितली तर त्याला काय वाटेल, त्याचा विचार करा.

तीन वाजता ती हॉलवर पोचली तर दार बंद. केअरटेकर दाताच्या डॉक्टरकडे गेलेला. घरी जाऊन सूर्यास्ताच्या आधी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या होत्या. तिने पिशवी मागच्या दाराशी कचऱ्याच्या डब्यांच्या आडोशाला ठेवली आणि घरी येऊन मनाशेभाऊंना सांगितलं, "लवकर जा आणि कुकर आत घ्या." मनाशेभाऊ क्रिकेट बघत होते. ते म्हणाले, "हं." त्यांच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, तरी तिने त्या 'हं'वर विश्वास ठेवला.

साडेतीनला फरीदून आला. तो नेहमी आधी हॉलभोवती एक फेरी मारायचा. पिशवी दिसली. त्याने हात लावला नाही. पन्नास पावलं मागे गेला आणि यादीतल्या नंबरांना फोन लावायला सुरुवात केली. मनाशे बंद. हदासा बंद. कालेब बंद. एकतीस नंबर, एकतीस फोन बंद, कारण तोवर मेणबत्त्या लागल्या होत्या आणि सगळे धार्मिक झाले होते. माझा फोन चालू होता, पण मी पाहुणी. यादीत माझं नाव नव्हतं. मग त्याने पोलिसांना फोन केला.

मी आष्टमकर पतिपत्नींबरोबर चालत गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा निळी-पांढरी पट्टी लागली होती. शेजारच्या घरांतले लोक पांघरुणं घेऊन बाहेर आले होते. पट्टीच्या त्या बाजूला फरीदून एका पोलीस बाईंना जमिनीवर खडूने नकाशा काढून दाखवत होता. आमची चाळीस माणसं थंडीत उभी, कुणालाच काही कळेना. संशयास्पद वस्तू आहे, एवढंच सांगितलं गेलं. कालेबसाहेबांनी हॅट घट्ट धरली होती. कुणीतरी हळू आवाजात प्रार्थना म्हणायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही रामरक्षा सुरू केली. मला भीती वाटली होती. ज्या दाराने मी दर आठवड्याला जेवायला जायचे त्या दाराशी कुणीतरी आम्हाला मारायला काहीतरी ठेवून गेलं आहे, असं मला खरंच वाटलं.

तासभर गेला. बॉम्ब निकामी करायचं, चाकांवरचं एक यंत्र गल्लीत शिरलं. हदासा पाय आपटत म्हणाली, "आत जेवण गार होत असेल. अहो, कुकर आत ओट्यावर ठेवलात ना नीट?"

मनाशेभाऊ म्हणाले, "कुठला कुकर?"

पुढचे काही क्षण मी विसरणार नाही. हदासाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने यंत्राकडे पाहिलं. मग तिघेही पट्टीकडे धावलो, आणि पोलिसाला इंग्रजी, मराठी आणि हातवारे अशा तीन भाषांत एकाच वेळी सांगू लागलो. पोलीस म्हणाला, मागे व्हा. हदासा म्हणाली, "माय चिकन!" तेवढ्यात त्याच्या मागून एक भरीव आवाज आला. फार मोठा नव्हता. त्यानंतर सगळ्या गल्लीत नारळाचा आणि हळदीचा वास सुटला.

भिंत पिवळी झाली होती. कुकरचं झाकण शेजारच्या शाळेच्या छपरावर सापडलं.

पोलीस बाई चांगल्या होत्या. हसू दाबून त्या म्हणाल्या, तुमच्या माणसाने सगळं नियमाप्रमाणे केलं, शंभरातले नव्वद लोक पिशवी उचलून बघतात. पण कालेबसाहेबांना ते पुरेसं नव्हतं. थंडीत दीड तास उभं राहून चाळीस माणसं शेवटी माझ्या घरी टोस्ट आणि बीन्स खाऊन गेली होती. रविवारी दुपारी आष्टमकरांच्या बाहेरच्या खोलीत कमिटीची मीटिंग बसली. फरीदूनला बोलावलं. मी चहा द्यायला म्हणून गेले आणि बसून राहिले.

"ह्या माणसाला काढा," कालेबसाहेब म्हणाले. "ह्याला प्रत्येक ठिकाणी बॉम्ब दिसतो. सबंध ईलिंग आपल्याला हसतंय."

चूक मनाशेभाऊंची होती, हे त्यांना हदासाने दोन दिवसांत बऱ्यापैकी समजावलं होतं. ते फरीदूनकडे वळले, आणि त्यांच्यातला तिकीट तपासनीस जागा झालेला मला दिसला.

"एक सांग. ती निळी पिशवी. तीच गोधडी, त्याच पिना. तू त्यातून दर शुक्रवारी जेवतोस. पिशवी आत न्यायला हदासाला तूच मदत करतोस. तू ती ओळखली नाहीस?"

फरीदून खाली बघत होता. "ओळखली," तो म्हणाला.

कालेबसाहेबांचा कप हवेतच राहिला.

"ओळखली तर मग पोलीस कशाला बोलावलेस?" मनाशेभाऊंनी विचारलं.

"ओळखीची होती म्हणून."

दोन मिनिटांत कमिटीतल्या सगळ्यांना घरी कामं आठवली, आणि त्याला काढायचा विषय तिथेच राहिला. फरीदून तिथेच बसून राहिला, आणि मग, मनाशेभाऊ आणि हदासा आणि मी, आम्हा तिघांसमोर त्याने तिसरी गोष्ट सांगितली. ती खरी होती.

तो त्या दिवशी नाक्यावर होता. ना व्हॅन दुसऱ्या लेनमधून गेली, ना तो दवाखान्यात होता. व्हॅन त्याच्याच समोर आली. चालवत होता जमशेद, नसरीनचा धाकटा भाऊ, कलिंगडं विकणारा. ह्याच्या लग्नात नाचलेला. जमशेदने काच खाली केली, सलाम केला. मागे रांग लागली होती, ऊन होतं. फरीदूनने डिकी उघडली नाही. त्याने हात हलवला आणि म्हणाला, जा. व्हॅन पुढच्या फाटकाशी जाऊन फुटली. अकरा माणसं गेली. त्यांतला एक फरीदूनबरोबर सात वर्षं एका ताटात जेवलेला. जमशेदला कुणी फूस लावली, का धमकावलं, का गाडीत काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, आजतागायत कळलं नाही. व्हॅन कुणी सोडली हे बघणारा कुणी जिवंत राहिला नाही. नसरीनला एवढंच सांगण्यात आलं की तिचा भाऊ स्फोटात सापडला.

"तिला सांगितलं नाहीस?" हदासाने विचारलं.

"काय सांगू? तुझ्या भावाने माझी माणसं मारली, आणि मी त्याला वाट दिली?"

हदासा रडली. मी रडले नाही, मी उठून कप विसळायला गेले, कारण एवढे दिवस पर्सवरून त्या माणसाला मी काय काय बोलले होते ते मला आठवत होतं. मला माझी लाज वाटली.

संध्याकाळी मी ईशिताला फोन केला. ती म्हणाली, "हे सांगितलं तर चान्स आहे. एवढं वाईट स्वतःबद्दल कोण बनवतो? पण मावशी, जजचा डिसिजन लेखी असतो. त्यात भावाची नाव येणार. आणि वाइफचा व्हिसा करायला तोच कागद तिच्या फाईलला लागणार. ती वाचणार."

हे मी फरीदूनला सांगितलं. कोर्टात खरं बोललास तर बायकोला इथे आणता येईल, आणि तेच खरं वाचून ती येईलच असं नाही. "दोन्ही वेळा खोटं बोलून बघितलं," तो म्हणाला. "ते काही जमत नाही मला."

सुनावणीला मनाशेभाऊ साक्षीदार होते. त्यासाठी त्यांनी जुन्या नोकरीचा टाय बांधला होता. सरकारच्या बाजूच्या बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही अपीलकर्त्याचे मित्र आहात, त्याच्यावर विश्वास का ठेवता?

"मॅडम, एकोणतीस वर्षं बिनतिकिटाच्या लोकांच्या गोष्टी ऐकल्या," मनाशेभाऊ इंग्रजीत म्हणाले. "कुत्र्याने खाल्लं, वाऱ्याने उडालं, बायकोच्या पर्समध्ये राहिलं. माणूस खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. हा अडकण्यासाठी कशाला बोलेल?" मग त्यांना कुकरबद्दल विचारलं गेलं, कारण ईशिताने पोलिसांचा रिपोर्ट जोडला होता. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या 'हं'सकट. जज साहेबांनी दोनदा रुमाल तोंडाला लावला.

फरीदूनची पाळी आली. त्या बाईंनी विचारलं, ह्या प्रसंगाची ही तुमची तिसरी गोष्ट आहे. पहिल्या दोन सोडून हीच आम्ही खरी का मानावी?

दुभाष्या होता, पण त्याने इंग्रजीतच उत्तर दिलं, हदासाने शिकवलेल्या इंग्रजीत. "पहिल्या दोन गोष्टींत मी चांगला माणूस होतो," तो म्हणाला.

निकाल सहा आठवड्यांनी आला. बाजूने. सोळा पानं. ईशिताने फोनवर किंचाळून सांगितलं, मनाशेभाऊंनी मला मिठी मारली, नंतर घाबरून सोडली, हदासाने नवीन कुकरमध्ये शिरा केला. फरीदूनने कागद हातात घेतला आणि सरळ नवव्या पानावर गेला. तिथे जमशेदचं नाव होतं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.

कागद पेशावरला पोचायच्या आधी फोन करायचा, असं त्याचं ठरलं होतं. रविवार होता, दुपारचे दोन. हदासाच्या स्वयंपाकघरातून त्याने फोन लावला. आम्हाला बाहेर जायला त्याने सांगितलं नाही, म्हणून आम्ही गेलो नाही. तो दरी भाषेत, म्हणजे अफगाणी फारसीत, बोलत होता; आम्हाला अक्षर कळत नव्हतं. मधे एकदा 'जमशेद' ऐकू आलं. मग तो बोलायचा थांबला, आणि पलीकडूनही आवाज नाही. मनाशेभाऊ टेबलावरचं मीठ इकडून तिकडे ठेवत होते. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईची विनवणी करत होते की फोन ठेवू नकोस, शिव्या दे, पण ठेवू नकोस.

मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. इतक्या दिवसांत तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. फरीदूनने कपाळ फ्रिजच्या दाराला टेकवलं आणि ऐकत राहिला.

फोन संपल्यावर सगळ्या लंडनला मूळ गाव विचारणारे मनाशेभाऊ मीठ जागेवर ठेवायला लागले. शेवटी मीच विचारलं, माझ्याने राहवत नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या सकाळी जमशेद आधी आमच्या घरी आला होता. तिने चहा केला. त्याचा हात इतका थरथरत होता की कप बशीवर वाजत होता." हदासाने फरीदूनसमोर खुर्ची सरकवली, पण तो बसला नाही. "म्हणाली, तू तर त्याला अर्ध्या मिनिटात सोडलंस. माझ्यासमोर तो अर्धा तास बसला होता. मीही काही विचारलं नाही."

"मग?"

"मग म्हणाली, फॉर्मवर सही कुठे करायची ते सांग."